भरणारी जखम आणि कॅन्सर स्लाइडवर सारखे का दिसतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांच्या पोटरीवर लहानपणी स्टोव्हचा भडका उडून भाजल्याचा वण आहे. गेलं वर्षभर त्या वणावर एक जखम आहे. भरत आली असं वाटतं आणि पुन्हा उघडते. बायॉप्सीच्या रिपोर्टात लिहून आलंय की हा स्यूडोएपिथेलिओमॅटस हायपरप्लेशिया (कॅन्सरसारखी दिसणारी, पण कॅन्सर नसलेली कातडीची वाढ) दिसतो, पण स्क्वेमस सेल कार्सिनोमा (कातडीच्या वरच्या थराचा कॅन्सर) नाही असं खात्रीने म्हणता येत नाही, खोलवरची बायॉप्सी पुन्हा घ्यावी. मुलाचं विचारणं असं: पॅथॉलॉजिस्टने हात झटकलेत का? जखम भरणारी जनुकंच कॅन्सर करतात असं वाचलं, ते खरं का? हे आनुवंशिक आहे का? आणि 'स्टेम सेल'चं क्रीम मिळतं, ते लावून बघावं का?

मी त्वचेच्या बायॉप्सी बघते आणि हे वाक्य मीही अनेकदा लिहिते. हात झटकलेले नाहीत. उलट, कच्च्या पुराव्यावर 'कॅन्सर' लिहून पाय कापण्यापर्यंत वेळ आणणारा किंवा 'काही नाही' लिहून सहा महिने घालवणारा रिपोर्ट जास्त घातक असतो.

जुन्या जखमेच्या कडेचा तुकडा मायक्रोस्कोपखाली घेतला की काय दिसतं ते आधी सांगते. एपिडर्मिस, म्हणजे कातडीचा सगळ्यात वरचा पेशींचा थर, जाड झालेला असतो आणि त्याचे लांब, वेडेवाकडे कोंब खालच्या डर्मिसमध्ये उतरलेले असतात. तळाच्या पेशी गडद, केंद्रकं मोठी, विभाजन चाललेल्या पेशी पुष्कळ. मध्येच केराटिनचे, म्हणजे कातडीला टणक करणाऱ्या प्रथिनाचे, गोल मोती. सभोवती न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींची गर्दी. आता हेच वर्णन पहिल्या प्रतीच्या, म्हणजे मूळ कातडीशी बरंच साम्य राखून असलेल्या स्क्वेमस कॅन्सरलाही जसंच्या तसं लागू पडतं. स्टेन, म्हणजे एखादं ठरावीक प्रथिन रंगवून दाखवणारी तपासणी, लावून सुटका होईल असं वाटतं, पण पी६३ या प्रथिनाचा स्टेन दोन्हीकडे तळाच्या पेशी तपकिरी करतो. केराटिन ५ आणि १४ दोन्हीकडे. केराटिन ६, १६ आणि १७ ही तर केसांच्या मधल्या निरोगी कातडीत जवळपास नसतातच. ती जखमेच्या कडेला चालू होतात, सोरायसिसमध्ये चालू होतात आणि कॅन्सरमध्येही. फरक सापडतो तो खाली: पेशी कळपातून सुटून एकेकट्या डर्मिसमध्ये घुसल्यात का, मज्जातंतूच्या भोवती शिरल्यात का, कोंबांची सगळ्यात खालची कड गुळगुळीत आहे की तुटक. वरवर घेतलेल्या तुकड्यात ही खालची कडच आलेली नसते. म्हणून 'खोलवरची बायॉप्सी'.

आता हे साम्य निव्वळ दिसण्यापुरतं नाही. दोन्हीकडे जनुकांचा तोच संच चालू असतो, आणि तो चालू करणारी यंत्रणाही बरीचशी तीच आहे. तुम्ही वाचलं ते खरं आहे, फक्त अर्धं.

एपिडर्मिस सतत झिजतं आणि साधारण महिना-दीड महिन्यात पूर्ण बदलतं. हा पुरवठा तळाच्या थरातल्या मूळपेशी करतात. केसांच्या मुळाशी वेगळ्या मूळपेशी असतात, केशकूपाच्या मध्यावर 'बल्ज' नावाच्या फुगवट्यात. त्या एरवी बहुतेक काळ झोपलेल्या असतात आणि केसाच्या नव्या चक्राला उठतात. हे ठिकाण कोत्सारेलिस, सन आणि लॅव्हकर यांनी १९९० साली दाखवून दिलं. दोन्ही प्रकारच्या पेशींत डीएनए अगदी तोच. तरी एक कातडीच करते, दुसरी केस. कारण डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, आणि कोणता भाग उघडा ठेवायचा, कोणता बंद, हे प्रत्येक पेशीत वेगळं ठरलेलं असतं. उघड्या भागांतले एन्हान्सर नावाचे छोटे पट्टे दूरच्या जनुकाला 'चालू हो' असं सांगतात, आणि त्या पट्ट्यांवर ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर नावाची प्रथिनं बसतात. याला जनुकांचं नियमन म्हणायचं.

या प्रथिनांत पी६३ सगळ्यात वरचं. १९९९ साली दोन प्रयोगशाळांनी हे जनुक नसलेले उंदीर तयार केले. ते जन्मले तेव्हा त्यांच्या अंगावर धड कातडीच नव्हती आणि जन्मानंतर ते थोड्याच वेळात सुकून मेले. पुढे तळातल्या पेशीची 'पिकायची', म्हणजे मूळपण सोडून पक्की कातडी व्हायची, वेळ आली की केराटिन ५ आणि १४ बंद होतं, १ आणि १० चालू होतं. ते अवेळी चालू होऊ नये म्हणून मूळपेशीत ईझेडएच२ नावाचं एन्झाइम हिस्टोनवर खुणा करून ती जनुकं दाबून ठेवतं. नॉच नावाचा संदेशमार्ग उलट बाजूने पेशीला पिकायला ढकलतो. म्हणजे तळाच्या पेशीला कायम दोन गोष्टींचा तोल सांभाळायचा असतो, मूळ राहायचं की पिकायचं.

नॉच बंद पडला तर काय होतं याचा मोठा धडा कातडीच्या नाही, अल्झायमरच्या औषधाने दिला. सेमागासेस्टॅट हे औषध मेंदूतलं अमायलॉइड तयार करणारं एन्झाइम रोखायचं, पण तेच एन्झाइम नॉचलाही कापून कामाला लावतं. २०१० साली चाचणी थांबवावी लागली. रुग्णांची स्मृती सुधारली नाहीच, वर औषध घेणाऱ्यांत त्वचेचे कॅन्सर जास्त निघाले. उंदरांच्या कातडीत नॉच१ काढून टाकल्यावर गाठी येतात हे २००३ सालीच माहीत होतं.

मग नॉच बिघडला की कॅन्सर, टीपी५३ हे कॅन्सर रोखणारं जनुक बिघडलं की कॅन्सर, असं सरळ गणित आहे का? नाही, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातली सगळ्यात डोळे उघडणारी गोष्ट हीच आहे. २०१५ साली इंग्लंडमध्ये चार माणसांच्या पापण्यांच्या कातडीचे २३४ छोटे तुकडे तपासले गेले. ही कातडी दिसायला पूर्ण निरोगी होती. तरी १८ ते ३२ टक्के पेशींमध्ये कॅन्सरला पुढे रेटणारं कुठलं ना कुठलं म्युटेशन, म्हणजे जनुकातला बिघाड, होतं, सरासरी प्रत्येक चौरस सेंटिमीटरमध्ये अशी सुमारे १४०. सगळ्यात जास्त नॉच१मध्ये. आणि कॅन्सर? एकही नाही. उन्हात वावरलेल्या आपल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर अशी बिघडलेली जनुकं घेऊन पेशी निवांत बसलेल्या आहेत. म्युटेशन लागतं, पण ते पुरत नाही. त्या पेशीतलं नियमनही सुटावं लागतं, आणि ते सोडवायला जखम हा एक फार सोपा रस्ता आहे.

हे अगदी उघडपणे दाखवणारे प्रयोग २०११ साली दोन गटांनी वेगवेगळे केले. उंदराच्या केशकूपातल्या मूळपेशींत हेजहॉग नावाचा मार्ग कायमचा चालू करून ठेवला. माणसात बेसल सेल कार्सिनोमा हा त्वचेचा दुसरा कॅन्सर होतो तो याच मार्गाच्या बिघाडातून. तरी नुसत्या तेवढ्याने त्या पेशींतून वरच्या कातडीत फारसं काही उगवलं नाही. पण कातडीला छेद दिल्यावर त्याच पेशी जखम भरायला वर आल्या आणि तिथे गाठी झाल्या. म्युटेशन तेच, पेशी तीच. फरक पडला तो जखमेने.

जखमेत पेशीचं नेमकं काय बदलतं, हे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात एलेन फुक्स यांच्या प्रयोगशाळेने २०१७ साली फार नेटकेपणाने मांडलं. केसाच्या मूळपेशीत सॉक्स९ असतं, कातडीच्या मूळपेशीत केएलएफ५. एरवी एका पेशीत दोन्ही नसतात. जखम झाली की केसाची मूळपेशी वर सरकते, आणि काही काळ तिच्यात दोन्ही प्रथिनं एकदम चालू असतात. ती धड केसाची नसते, धड कातडीची नसते. याच काळात एरवी बंद असलेले 'ताणाचे एन्हान्सर' उघडतात, आणि त्यांच्यावर एपी-१, स्टॅट३ आणि ईटीएस२ ही तातडीची मंडळी बसतात. पेशी सरकायला लागते, वेगाने विभागते, भोवतालचं जाळं कापते, रक्तवाहिन्यांना बोलावते. जखम बुजली की हे एन्हान्सर मिटतात, सॉक्स९ किंवा केएलएफ५ यातलं एक मागे हटतं, पेशीला पुन्हा एक ओळख मिळते. स्क्वेमस कॅन्सरच्या पेशींतही तीच दुहेरी ओळख आणि तेच एन्हान्सर सापडले. फक्त तिथे ते मिटतच नाहीत. पेशीला वाढायला सांगणारं रास जनुक बिघडलेलं असेल तर ईटीएस२ला सतत चिथावणी मिळत राहते, म्हणजे जखम नसतानाही पेशीला जखम झाल्याचाच निरोप येत राहतो.

हॅरोल्ड ड्वोरॅक या पॅथॉलॉजिस्टने १९८६ सालीच म्हटलं होतं की गाठ ही न भरणाऱ्या जखमेसारखी वागते. तेव्हा त्यांचा भर गाठीभोवतीच्या रक्तवाहिन्या आणि फायब्रिन या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाच्या जाळ्यावर होता. तीच गोष्ट पेशीच्या केंद्रकातही खरी आहे, हे कळायला पुढची तीस वर्षं लागली.

सॉक्स९ नुसतं चालू राहिल्याने इतकं काय बिघडतं, याचं उत्तर २०२३ सालच्या कामात आहे. प्रौढ उंदराच्या कातडीच्या मूळपेशीत मुद्दाम सॉक्स९ चालू केलं, तर काही आठवड्यांत त्या पेशी बेसल सेल कार्सिनोमासारख्या वागू लागल्या. सॉक्स९ हे 'पायोनियर' जातीचं प्रथिन. बंद गुंडाळीतही ते शिरतं आणि हिस्टोन बदलणारी यंत्रणा तिथे ओढून आणतं. पण ही यंत्रणा पेशीत मोजकीच असते. गावात जेसीबी एकच, आणि तो एकाने आपल्या शेततळ्यावर नेला की दुसऱ्याचा बांध तसाच पडून राहतो. तसं सॉक्स९ने केसाचे पट्टे उघडायला यंत्रणा नेली की कातडीचे पट्टे कोणी मुद्दाम न मिटवता आपोआप मिटत जातात. ओळख पुसली जाते ती अशी. माणसाच्या स्क्वेमस कॅन्सरमध्ये केएमटी२सी आणि केएमटी२डी ही जनुकं वारंवार बिघडलेली मिळतात. ती याच यंत्रणेचे भाग आहेत, तेव्हा या दोन गोष्टींचा मेळ बसतो.

आणखी एक धागा, तुमच्या वडिलांच्या वर्षभराच्या जखमेशी थेट जोडलेला. २०१७ सालीच असं दिसलं की कातडीला एकदा जोराचा दाह झाला की तिच्या मूळपेशी तो 'लक्षात ठेवतात'. उंदरांना इमिक्विमॉड हे दाह आणणारं औषध लावून सोरायसिससारखा दाह केला, तो पूर्ण ओसरू दिला, आणि नंतर त्याच जागी जखम केली तर ती अडीच पट लवकर भरली. दाहात उघडलेले काही एन्हान्सर नंतर पुरते मिटलेलेच नव्हते. ही आठवण सहा महिन्यांपर्यंत टिकली. जखम लवकर भरणं हा फायदाच, पण वर्षानुवर्षं उघडणाऱ्या-मिटणाऱ्या वणात हेच अर्धवट उघडं राहणं कॅन्सरची पहिली पायरी सोपी करत असेल, असा तर्क आहे. माणसाच्या वणात हे पक्कं सिद्ध झालेलं नाही, म्हणून मी 'तर्क' म्हणते.

वणातून कॅन्सर होतो ही गोष्ट मात्र फार जुनी. जाँ-निकोला मार्जोलाँ या फ्रेंच शल्यविशारदाने १८२८ साली अशा व्रणांचं वर्णन केलं. आजही भाजलेल्या वणावरच्या कॅन्सरला 'मार्जोलिन अल्सर' म्हणतात. भाजण्यापासून कॅन्सरपर्यंत बहुधा दोन-तीन दशकं जातात. काश्मिरात फिरनच्या, म्हणजे लांब झग्याच्या, आत कांगडी ही निखाऱ्यांची शेगडी घेऊन बसणाऱ्यांच्या पोटावर आणि मांड्यांवर होणारा कॅन्सर याच जातीचा. आणि आपल्याकडचं उदाहरण तर घरातलंच: डॉ. व. रा. खानोलकर मुंबईत टाटा मेमोरियलच्या प्रयोगशाळांचे प्रमुख असताना त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४५ साली कमरेवरच्या 'धोतर कॅन्सर'ची नोंद केली. धोतर कमरेला घट्ट बांधायचं, त्याच रेषेवर रोज घासायचं, कातडी जाड व्हायची, रंग जायचा, मग चीर, मग न भरणारी जखम. साडी नेसणाऱ्या बायकांत परकराच्या नाडीच्या रेषेवर हेच होतं, आणि असे रुग्ण अजूनही येतात. बाई कपडे काढून दाखवायला संकोचतात, नाडीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्याला तर सगळेच 'ते असतंच' म्हणतात. नाडीऐवजी रुंद पट्टा, गाठीची जागा रोज थोडी बदलणं आणि सैल बांधणं एवढ्याने ही घासण बरीचशी थांबते. इथे ऊन नाही. आहे ती फक्त रोजची घासण आणि रोजची दुरुस्ती.

ऊन नसतानाही म्युटेशन येतात कुठून, हे दाखवणारा आजार म्हणजे रिसेसिव्ह डिस्ट्रॉफिक एपिडर्मोलिसिस बुलोसा. कोलॅजेन ७चं जनुक बिघडलेलं, त्यामुळे कातडी जरा घासली तरी फोड येतात, आयुष्यभर जखमा. या मुलांना ऐन तरुणपणी स्क्वेमस कॅन्सर गाठतो, आणि बरेच जण त्यानेच जातात. त्यांच्या गाठींतली म्युटेशन उन्हाच्या छापाची नसतात. ती बहुतांशी अपोबेक नावाच्या एन्झाइमांनी केलेली असतात, आणि ही एन्झाइमं खरं तर विषाणूंपासून बचावासाठी असतात.

याचा उपचारावर काय परिणाम होतो? बेसल सेल कार्सिनोमासाठी हेजहॉग मार्ग रोखणारं व्हिस्मोडेगिब २०१२ साली अमेरिकेत मंजूर झालं. गाठी विरघळतात, पण औषध थांबवलं की अनेकांत परततात. २०१८ साली दोन गटांनी दाखवलं की औषधातून वाचलेल्या पेशी नवीन म्युटेशन करून वाचलेल्या नसतात. त्या ओळख बदलून वाचलेल्या असतात. केसाच्या पेशीसारखी ओळख सोडतात, दुसरी घेतात, डब्ल्यूएनटी या दुसऱ्या संदेशमार्गावर हळूहळू तग धरून बसतात. उंदरांत हेजहॉग आणि डब्ल्यूएनटी दोन्ही एकदम रोखल्यावर उरलेल्या पेशी खूप कमी झाल्या. माणसात डब्ल्यूएनटी रोखणं अवघड, कारण आतडं आणि हाडं त्यावरच चालतात. मार्जोलिन अल्सरला मात्र आज तरी मुख्य उपचार शस्त्रक्रियाच: कडेला पुरेशी निरोगी कातडी घेऊन पूर्ण काढणं, आणि जांघेतल्या लसीका गाठी (लिम्फ नोड) तपासणं, कारण कॅन्सर पसरतो तो आधी तिथे. वणावरचा हा कॅन्सर उन्हाच्या कॅन्सरपेक्षा पसरायला चपळ असतो, म्हणून जांघ विसरायची नाही.

आनुवंशिकतेचं उत्तर लहान आहे. भाजलेल्या वणावरचा कॅन्सर वडिलांकडून मुलाकडे जात नाही. म्युटेशन त्या जागच्या पेशींतली, शुक्रपेशीतली नाही. घराण्यात चालणारे त्वचेचे कॅन्सर वेगळे. पीटीसीएच१ जनुकातून येणारा गोर्लिन सिंड्रोम किंवा झेरोडर्मा पिगमेंटोसम हे लहान वयात आणि अंगावर अनेक ठिकाणी दिसतात. तुमच्या घरी तसं काही नसेल तर स्वतःची तपासणी करत बसू नका.

क्रीमबद्दल मला जरा रागच येतो. बरणीत जिवंत मूळपेशी राहत नाहीत. ज्यावर 'स्टेम सेल' लिहिलेलं असतं त्यात बहुधा सफरचंदासारख्या वनस्पतींच्या पेशींचा अर्क असतो, आणि सफरचंदाला कातडीच नाही. खऱ्या मूळपेशींचा उपचार कसा असतो ते ऐका. हॉवर्ड ग्रीन यांनी १९७५ साली माणसाच्या कातडीच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायची रीत बसवली, आणि १९८३ साली अमेरिकेत जवळपास सगळं अंग भाजलेल्या दोन लहान भावांना त्यांच्याच पेशींच्या वाढवलेल्या चादरी लावून वाचवलं गेलं. पुढे इटलीच्या मिकेले दे लुका यांच्या गटाने जर्मनीतल्या बोखुम इथे सात वर्षांच्या एका सीरियन मुलाची जवळपास ८० टक्के कातडी जनुक दुरुस्त केलेल्या पेशींनी बदलली. २०१७ साली ते प्रसिद्ध झालं. त्या सगळ्या कातडीला पुढे थोड्याच दीर्घायुषी मूळपेशी सांभाळत होत्या, हेही त्याच कामातून कळलं. हे काम ऑपरेशन थिएटरात, भूल देऊन, महिनोन्महिने चालतं. आणि न भरणाऱ्या, निदान न झालेल्या व्रणावर पेशींना वाढायला लावणारं काहीही लावायचं नाही, हे वरचं सगळं वाचल्यावर वेगळं सांगायला नको.

आता पुढच्या बायॉप्सीचं. ती मध्यातल्या सडलेल्या भागातून घेऊ नका म्हणावं, तिथे मेलेल्या पेशींशिवाय काही हाती लागत नाही. कडेवरून, जिथे कातडी उंच आणि कडक लागते तिथून, खाली चरबीपर्यंत जाणारा तुकडा हवा, आणि तोही एकाहून अधिक जागांतून. पंच बायॉप्सीपेक्षा, म्हणजे बारीक गोल नळीने काढलेल्या तुकड्यापेक्षा, पाचरीसारखा कापलेला तुकडा बरा, म्हणजे खालची कड सलग दिसते. तपासणीच्या फॉर्मवर 'अल्सर, लेग' एवढंच लिहिलेलं असतं तेव्हा आमचं काम दुप्पट अवघड होतं. तिथे भाजल्याचं साल, जखम किती महिन्यांची, मध्ये भरली होती का, आधीच्या रिपोर्टाचा नंबर, आणि जांघेत गाठ लागते का, हे सगळं डॉक्टरांकडून लिहून घ्या. पहिल्या बायॉप्सीची स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक लॅबकडून मागून घ्या. ते दोन्ही नव्या तुकड्याशेजारी ठेवून बघता आले तर बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं. आणि हे सगळं या आठवड्यात.